माप कोण शिकवणार? : संगणकीय बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची चिकित्सा

दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. रात्रशाळा, बहिःस्थ परीक्षा, पत्रद्वारे शिक्षण अशा वाटांनी कित्येकांनी पदव्या मिळवल्या. आता त्या वाटेवर संगणकाचा पडदा आला आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणारी तरुण मंडळी नोकरी सांभाळून ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम करतात. त्यांच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासात एक विषय बहुधा भेटतोच. तो म्हणजे कॉम्प्युटेशनल इंटेलिजन्स, अर्थात संगणकीय बुद्धिमत्ता. आपल्याकडील अनेक विद्यापीठांत हाच विषय, थोड्याफार फरकाने, ‘सॉफ्ट कॉम्प्युटिंग’ या नावाने शिकवला जातो.

अशा अभ्यासक्रमांतून हा विषय कसा शिकवला जातो, विद्यार्थ्याच्या हाती काय लागते आणि काय निसटते, याची चिकित्सा करण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे. वाचक म्हणतील, हा तर अभियंत्यांचा प्रश्न. शाळेतल्या शिक्षकांनी त्यात का पडावे? त्याचे उत्तर असे की या विषयाच्या मुळाशी जी अडचण आहे, ती परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. कशी, ते पुढे येईलच.

तीन शाखा, एक सवय

संगणकीय बुद्धिमत्तेच्या मुख्य शाखा तीन. पहिली, मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेली न्यूरल नेटवर्क. मॅककुलॉक आणि पिट्स यांनी १९४३ साली चेतापेशीचे गणिती प्रारूप मांडले, तिथून हिची सुरुवात धरतात. दुसरी, लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेल्या संदिग्ध संचांवर, म्हणजे फझी सेट्सवर, आधारलेली. ‘गरम’ आणि ‘गार’ यांच्यामध्ये एकच काटेकोर रेषा न ओढता, एखादी वस्तू किती प्रमाणात गरम आहे असे विचारणारी. एब्राहिम ममदानी या टांझानियात जन्मलेल्या आणि भारतात शिकलेल्या अभियंत्याने लंडनमध्ये १९७०च्या दशकात एका लहान वाफेच्या यंत्राचे नियंत्रण या तर्काने करून दाखवले. पुढे १९८७ साली जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे अशा नियंत्रकावर धावू लागली. तिसरी शाखा उत्क्रांतीवरून सुचलेली. जॉन हॉलंड यांचे १९७५ सालचे पुस्तक हा तिचा मोठा टप्पा. १९९४ साली अमेरिकेत ऑर्लँडो येथे या तिन्ही शाखांच्या परिषदा एकत्र भरवण्यात आल्या आणि संगणकीय बुद्धिमत्ता हे एकत्रित नाव रूढ झाले.

या तिघींना एकत्र बांधणारा धागा कोणता? नेमके सूत्र सापडत नसेल तर उत्तराचा अंदाज करायचा, तो किती चांगला आहे हे मोजायचे, आणि त्या मापाच्या आधारे पुढचा अंदाज सुधारायचा. ही सवय तिन्ही शाखांत कमी-अधिक प्रमाणात दिसते.

प्रत्येक शाळेत होणाऱ्या एका कामाचे उदाहरण घेऊ : वेळापत्रक. समजा एका वर्गाला दिवसात आठ वेगवेगळ्या विषयांच्या आठ तासिका आहेत. त्यांचे क्रम ४०,३२० प्रकारे लावता येतात. असे सहा वर्ग एकाच वेळी लावायचे म्हटले, तर शक्यतांची संख्या ४०,३२० चा सहावा घात, म्हणजे ४ वर २७ शून्ये यांहूनही अधिक. सेकंदाला १०० कोटी वेळापत्रके तपासणारा संगणक घेतला तरी सगळी तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे दहापट काळ लागेल. म्हणून सगळी तपासायची नाहीत. काही वेळापत्रके चिठ्ठ्या टाकून तयार करायची. प्रत्येकाला गुण द्यायचे : एकच शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांत आला तर इतके गुण वजा, गणिताचा तास दिवसाच्या शेवटी आला तर तितके वजा. चांगली वेळापत्रके ठेवायची, त्यांचा संकर करायचा, मधूनच एखाद्या तासिकेची अदलाबदल करायची, आणि हे पिढ्यानुपिढ्या चालू ठेवायचे. हीच जनुकीय अल्गोरिदमची रीत.

ही रीत शिकवायला सोपी आणि ऐकायला मनोरंजक आहे. पण सगळे काम करणारी ओळ कोणती, ते पाहा : ‘इतके गुण वजा, तितके गुण वजा’. शिक्षकाच्या दुहेरी तासाला किती आणि शेवटच्या तासाच्या गणिताला किती? दोन्हींना सारखेच गुण वजा केले, तर एका दुहेरी तासाच्या बदल्यात गणिताचे दोन तास सकाळी आणणारे वेळापत्रक संगणकाला अधिक चांगले वाटेल. शाळेत मात्र ते पहिल्याच दिवशी कोलमडेल. या गुणदानाला त्या विषयात फिटनेस फंक्शन म्हणतात. आपण त्याला सरळ ‘माप’ म्हणू.

माप नीट असेल तर

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत या रीतींचा उपयोग विशेषतः चाचण्या तयार करण्यासाठी होतो. वेब मिलर आणि डेव्हिड स्पूनर यांनी १९७६ साली त्याची सुरुवात केली, आणि २००१ साली मार्क हारमन व ब्रायन जोन्स यांनी या साऱ्या प्रयत्नांना शोधाधारित सॉफ्टवेअर अभियांत्रिकी असे नाव दिले.

चाचणीचे एक जुने उदाहरण घेऊ. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या की तो समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्रॅम आहे. त्यातील ‘समभुज’ हा भाग बरोबर चालतो का, हे तपासण्यासाठी तीनही बाजू सारख्या असणारी उदाहरणे हवीत. माणसाला हे कळते. संगणकाला फक्त प्रोग्रॅम दिसतो. १ ते १००० मधील तीन संख्या यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, निवडल्या तर तिन्ही सारख्या येण्याची शक्यता दहा लाखांत एक. सरासरी दहा लाख प्रयत्नांनंतर एकदा तो भाग तपासला जाईल.

आता माप बदलू. तीन बाजू अ, ब, क असतील, तर अ आणि ब यांतील फरक अधिक ब आणि क यांतील फरक, ही बेरीज मोजू. बेरीज शून्य झाली की तिन्ही सारख्या. ४, ७, ९ पासून सुरुवात करा. बेरीज ३ + २ = ५. आता एका वेळी एकच संख्या एकने कमी किंवा जास्त करायची आणि बेरीज कमी झाली तरच बदल ठेवायचा. ५, ७, ९ घेतल्यास बेरीज ४. मग ६, ७, ९ ला ३, आणि ७, ७, ९ ला २. आणखी दोन पावलांत ७, ७, ७. जास्तीत जास्त किती पावले लागतील? बेरीज कधीही १९९८ च्या वर जात नाही आणि प्रत्येक पावलाला ती निदान एकने घटते. प्रत्येक पावलापूर्वी जास्तीत जास्त सहा पर्याय तपासायचे. म्हणजे अगदी वाईट सुरुवात झाली तरी बारा हजारांच्या आत काम होते. कुठे दहा लाख आणि कुठे बारा हजार!

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, इथे जनुकीय अल्गोरिदम लागलाच नाही, संकर नाही की पिढ्या नाहीत. एकेक पाऊल टाकत टेकडी चढावी तशी ही अगदी साधी रीत पुरली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा मापाने फरक न सांगता ‘समभुज आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगितले असते, तर ४, ७, ९ ला ‘नाही’ आणि ७, ७, ८ लाही ‘नाही’. उत्तराच्या जवळ आलो की दूर गेलो हे कळायला मार्गच नाही. जिकडे पाहावे तिकडे सपाट माळ, आणि मधोमध सुईएवढा एक सुळका. अशा माळावर जगातला कोणताही नामांकित अल्गोरिदम सोडा, तो चिठ्ठ्या टाकणाऱ्यापेक्षा फारसे बरे करू शकणार नाही.

तात्पर्य, यशाचा मोठा वाटा शोधाच्या यंत्रणेत नसून मापात असतो.

माप चुकले तर

चुकलेल्या मापाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. वेस्टली वायमर, स्टेफनी फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जेनप्रॉग ही पद्धत मांडली. चुका असलेला प्रोग्रॅम आणि काही चाचण्या दिल्या की उत्क्रांतीच्या रीतीने त्यात बदल करून चूक दुरुस्त करायची, ही तिची कल्पना. पुढे ‘डिजिटल उत्क्रांतीतील नवलकथा’ एकत्र करणारा एक संशोधनलेख २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात जेनप्रॉगचे दोन अनुभव नोंदले आहेत. यादी क्रमाने लावणारा एक सदोष प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता. ‘मिळालेली यादी क्रमाने आहे का?’ असे चाचणी विचारत होती. उत्क्रांतीने शोधलेले उत्तर असे : नेहमी रिकामी यादी परत करायची. रिकाम्या यादीत क्रम चुकायला काही नसतेच! दुसऱ्या प्रसंगी प्रोग्रॅमचे उत्तर एका फाइलमधील अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिले जात होते. तिथे एका बदललेल्या प्रोग्रॅमने अपेक्षित उत्तराची फाइलच पुसून टाकली आणि पूर्ण गुण मिळवले.

यात संगणकाची लबाडी नाही. जे मोजले गेले, ते त्याने अचूक साधले. आपल्याला जे हवे होते ते मात्र मोजलेच गेले नव्हते.

न्यूरल नेटवर्कलाही हाच न्याय लागू आहे. समजा एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये १००० फाइली आहेत आणि त्यांतल्या ५० सदोष आहेत. सदोष फाइली ओळखायला शिकवलेल्या यंत्रणेने ‘एकही सदोष नाही’ असे सरसकट उत्तर दिले, तरी तिची अचूकता ९५ टक्के भरते. टक्केवारी उत्तम आणि उपयोग शून्य. फझी नियंत्रकातही ‘गरम’ कशाला म्हणायचे हा आलेख कोणीतरी माणूसच काढतो. तो कुठून आला हे विचारल्याशिवाय पुढचे गणित निरर्थक ठरते.

अभ्यासक्रम काय करतात?

हे सारे लक्षात ठेवून आता अभ्यासक्रमांकडे वळू. चिकित्सा न्याय्य व्हायची तर उदाहरण चांगल्यांपैकी घ्यावे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या सरकारी विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन एम. एस. पदवी सुरू केली. संपूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७००० डॉलर, म्हणजे तिथे प्रत्यक्ष वर्गात बसून शिकण्याच्या मानाने अगदी थोडा. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की या ऑनलाइन पदवीसाठी अर्ज करणारे सरासरी ३४ वर्षांचे होते, तर प्रत्यक्ष वर्गासाठी अर्ज करणारे २४ वर्षांचे. म्हणजे ज्यांना एरवी ही पदवी मिळालीच नसती, अशा नोकरदारांना ती मिळू लागली. या कामगिरीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पदवी संगणकशास्त्राची असली तरी सॉफ्टवेअर अभियंत्याला लागणारे बरेच विषय तिच्यात आहेत.

तेथील मशीन लर्निंगच्या अभ्यासक्रमात चार्ल्स इस्बेल आणि मायकेल लिटमन या दोन प्राध्यापकांची व्याख्याने संवादरूप होती. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने शंका काढायच्या. पडद्यासमोर एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला सोबत देण्याची ही युक्ती आपल्या शिक्षकांनीही घ्यावी अशी आहे. त्यातील एक स्वाध्याय अनेक वर्षे गाजला. टेकडी चढण्याची रीत, धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या क्रियेवरून सुचलेले सिम्युलेटेड अनीलिंग, जनुकीय अल्गोरिदम आणि स्वतः इस्बेल यांचा सहभाग असलेली मिमिक नावाची रीत, अशा चार रीती वापरायच्या. प्रोग्रॅम तयार मिळाला तरी चालेल. गुण प्रोग्रॅमला नाहीत, मिळालेल्या निकालांच्या विश्लेषणाला. विद्यार्थ्याला ‘चालवलेस, आता समजावून सांग’ म्हणणारा हा स्वाध्याय आम्हाला मनापासून आवडतो.

तरीही आमची एक तक्रार आहे. त्या स्वाध्यायात समस्या विद्यार्थ्याने निवडायच्या असत, आणि त्याही अशा की एकीत एक रीत सरस ठरावी, दुसरीत दुसरी. यामागचा हेतू उघड आहे. वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी १९९७ साली सिद्ध केले की शक्य असलेल्या सर्व समस्यांची सरासरी काढली तर कोणतीही शोधरीत दुसरीपेक्षा श्रेष्ठ नसते. प्रत्येकीची ताकद विशिष्ट प्रकारच्या समस्यांतच दिसते. ते अनुभवाने पटावे म्हणून हा खटाटोप. पण नोकरीतला अभियंता रीत हातात घेऊन तिला शोभेल अशी समस्या शोधत फिरत नाही. समस्या त्याच्या टेबलावर येऊन पडते, अर्धवट आणि गढूळ. तिला माप देणे हेच त्याचे पहिले काम. पाठ्यपुस्तकी समस्यांना मापे चिकटूनच येतात. त्यामुळे विद्यार्थी शोधाच्या चार रीती शिकतो, पण माप बनवण्याचा सराव त्याला एकदाही होत नाही.

ही झाली चांगल्या अभ्यासक्रमाची स्थिती. जिथे परीक्षा पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांवर चालते, तिथे अडचण आणखी वाढते. आपल्याकडे आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेल्या एनपीटेल या उपक्रमाने हजारो तासांची व्याख्याने कोणालाही विनाशुल्क पाहता येतील अशी ठेवली. सॉफ्ट कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रमही त्यांत आहे. लहान गावातील महाविद्यालयाला ही मोठीच देणगी होय. प्रमाणपत्रासाठी साधारणपणे २५ टक्के गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे आणि ७५ टक्के केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे. पण हजारो जणांची उत्तरे तपासायची तर ती यंत्राला तपासता येतील अशीच हवीत, म्हणून बहुतांश प्रश्न पर्यायी किंवा संख्यात्मक उत्तरांचे. अशा परीक्षेत काय सहज विचारता येते? संकराचे प्रकार किती, अमुक सूत्रात किंमत घातली तर उत्तर किती. ‘या समस्येचे माप काय ठेवाल, आणि ते कुठे फसेल?’ हा प्रश्न चार पर्यायांत बसत नाही. जो बसत नाही तो विचारला जात नाही, आणि जो विचारला जात नाही तो शिकला जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी व्यासपीठावरून करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा हा प्रश्न चार-दोन हौशी विद्यार्थ्यांपुरता उरलेला नाही.

परीक्षा हेही एक मापच

इथे आपण लेखाच्या आरंभी दिलेल्या वचनाशी येतो. शिक्षण हाही एक शोध आहे आणि परीक्षा हे त्याचे माप. त्रिकोणाच्या उदाहरणात पाहिलेला सपाट माळ आठवा. बरोबर की चूक, एवढेच सांगणारी यंत्रतपासणी विद्यार्थ्याला त्याच माळावर उभे करते. ज्याला संकल्पना जवळजवळ समजली आहे त्यालाही शून्य आणि ज्याने चिठ्ठी टाकली त्यालाही शून्य. कोणत्या दिशेला पाऊल टाकावे हे त्याला कळत नाही. उलट, वहीत ‘पहिल्या तीन पायऱ्या बरोबर, चौथीत चिन्ह चुकले’ असे लाल शाईने लिहिणारा शिक्षक त्याला चढ दाखवत असतो.

आणि रिकाम्या यादीची गोष्ट? माप चुकले की विद्यार्थीही तेच करतो. मागील वर्षांचे प्रश्न पाठ करतो, तयार उत्तरे मिळवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे मोजले जाते ते तो साधत असतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर विश्लेषणाचा लेखी अहवालही यंत्राकडून लिहून घेता येऊ लागला. ज्या स्वाध्यायाचे आम्ही वर कौतुक केले, त्याचे मापही त्यामुळे डळमळीत झाले आहे. संगणकीय बुद्धिमत्तेची परीक्षा संगणकीय बुद्धिमत्तेनेच द्यावी, यातली गंमत क्षणभर बाजूला ठेवली तरी प्रश्न गंभीर आहे. उद्या हाच अभियंता रुग्णालयाच्या किंवा रेल्वेच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या ठरवणार आहे. ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ या पाटीमागे रिकामी यादी तर नाही ना, हे ओळखायला तो शिकला नसेल तर त्याची किंमत इतरांना मोजावी लागेल.

एका फेरीचा निकाल

आणखी एक उणीव सांगायला हवी. या रीतींत नशिबाचा भाग असतो. तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर दोन निकाल. विद्यार्थी अनेकदा एकदाच चालवतो, सुबक आलेख काढतो आणि ‘ही रीत श्रेष्ठ’ असा निर्वाळा देतो. केवळ विद्यार्थीच असे करतात असे नाही. आंद्रेआ आर्कुरी आणि लिओनेल ब्रियांड यांनी २०११ साली या क्षेत्रातील शोधनिबंध तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांत संख्याशास्त्रीय काळजी पुरेशी घेतलेली नव्हती.

साधे गणित पाहा. नवी रीत १० पैकी ७ वेळा यशस्वी झाली आणि जुनी नेहमी निम्म्या वेळा होते. नवी सरस म्हणायची का? साधे नाणे दहा वेळा उडवून ७ किंवा अधिक वेळा छाप पडण्याच्या शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. निव्वळ नाण्यानेही सहापैकी एकदा हा पराक्रम केला असता! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला हे गणित येते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाने ते वापरायला लावू नये, हे आम्हाला पटत नाही.

काय करता येईल?

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नाही. यातल्या बऱ्याच सुधारणांना फारसा खर्च येत नाही.

एक : समस्या आधी, रीत मागाहून. महाविद्यालयाचे परीक्षा-वेळापत्रक, बस आगाराच्या फेऱ्या, असे काही गढूळ काम द्यावे आणि पहिला स्वाध्याय फक्त माप लिहिण्याचा ठेवावा.

दोन : प्रत्येक अहवालात चिठ्ठ्या टाकणारी रीत आणि टेकडी चढणारी साधी रीत यांच्याशी तुलना सक्तीची असावी. साध्या रीतीने काम भागले तर तसे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. ‘इथे जनुकीय अल्गोरिदमची गरज नाही’ हे अभियंत्याचे उत्तर आहे, आळशाचे नव्हे.

तीन : एका फेरीवरचा निष्कर्ष स्वीकारू नये. निदान तीस फेऱ्या, आणि सरासरीबरोबर निकालांचा पसाराही सांगावा.

चार : विद्यार्थ्याने आपलेच माप फसवून दाखवावे. गुण पूर्ण पण काम शून्य, असे एक तरी उत्तर शोधावे. जेनप्रॉगने चुकून शिकवलेला धडा इथे हेतुपुरस्सर शिकता येईल.

पाच : दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. पडद्यावरून का होईना, समोरासमोर. ‘हे गुण निम्मे केले असते तर काय झाले असते?’ असा एक प्रश्न पुरतो. तीनशे विद्यार्थी म्हणजे ३००० मिनिटे, पन्नास तास. पाच सहायक असतील तर प्रत्येकी दहा तास, संपूर्ण सत्रात. हे अशक्य नाही. मात्र दहा हजार विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे परवडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. तिथे प्रमाणपत्राने आपण काय मोजले आणि काय नाही, ते स्पष्ट छापावे. तेवढा प्रामाणिकपणा बिनखर्चाचा आहे.

शाळेतल्या शिक्षकांनाही यात करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. नववी-दहावीच्या वर्गाचे दोन गट करा. एका गटाला मनात धरलेली तीन संख्यांची जोडणी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढ्याच उत्तरांवर ओळखायला सांगा. दुसऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर ‘एकूण इतक्याने चुकले’ असा आकडा द्या. दोन्ही गटांचे प्रयत्न फळ्यावर मोजा. मग विचारा, दुसरा गट अधिक हुशार होता का? नव्हता, त्याला माप चांगले मिळाले होते. एवढे उमगलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही अभ्यासक्रमाला गेला, तरी रीतीच्या भपकेबाज नावाला भुलण्याआधी ‘मोजता काय?’ असे विचारील. आमच्या मते या विषयाचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवे.